वर वेल, खाली कंद: दिवाळीनंतर घराला कुलूप लागतं त्यांच्यासाठीही

(जूनच्या तोंडावर झालेल्या प्रभागसंघाच्या बैठकीत आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी परसबागेवर जे सांगितलं, त्याचा हा मजकूर. मधले प्रश्न आणि त्यांची उत्तरं बोलण्यातच घेतली आहेत.)



आज परसबागेचा विषय आहे म्हटल्यावर दोघीतिघींनी एकमेकींकडे बघितलं, ते मला दिसलं. परसबाग म्हणजे मेथी, पालक, दोडका, वांगं, गोल वाफे, फोटो काढायचा आणि गटाच्या ग्रुपवर टाकायचा. दरवर्षी तेच. म्हणून आज मी वाफ्यांचं काहीच सांगणार नाही. एकाच वेलाबद्दल बोलणार आहे. शेवटी अजून दोन वेलांचं थोडंसं सांगेन.

त्याआधी एक हिशोब मांडू. आपण परसबाग लावतो मृगात. भाजी येते श्रावण-भादव्यात. दसरा झाला की मुकादमाचा फोन, दिवाळी झाली की ट्रॅक्टर दारात. आपल्या धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या भागांतली किती तरी घरं कार्तिकात कुलूपबंद होतात आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे पाडव्याच्या आसपास, उघडतात. आता बी कधी पिकतं? दोडक्याचं, वालाचं, घेवड्याचं बी वेलावर वाळतं ते कार्तिक, मार्गशीर्ष, पौषात. नेमकं तेव्हा आपण कोपीत असतो. शेंग वाळते, उकलते, बी मातीत पडतं, उंदीर खातो. आणि पुढच्या जूनमध्ये आपण दुकानातून पाकीट आणतो. त्यावर संकरित लिहिलेलं असेल तर त्याचं बी धरूनही पुढच्या साली तसंच पीक येत नाही. म्हणजे आपल्या आजीच्या गाडग्यातलं बी संपलं ते आपण आळशी म्हणून नाही. बी धरायच्या महिन्यात बाई गावातच नसते, म्हणून संपलं. हे मला या भागात काम करायला लागल्यावर कळलं. कॉलेजच्या पुस्तकात असलं काही नव्हतं.

मग मी शोधत होते की असा कुठला वेल आहे, ज्याचं वर खाता येतं आणि काहीतरी मातीत राखूनही राहतं. कंद म्हणजे काय? झाडाची बँकच ती. पावसाळ्यात पानांनी कमावलेलं खाली जमा करायचं आणि वाईट दिवसांत त्यावर जगायचं. ज्या देशांत शेती अवघड आहे तिथल्या बायकांनी असले वेल हजारो वर्षं सांभाळलेत. दक्षिण अमेरिकेत अँडीज म्हणून मोठा डोंगर आहे, बटाटा मूळचा तिथला. तिथे बटाट्याच्या शेजारी माशुआ नावाचा वेल लावतात. शहरातल्या बंगल्यांत नॅस्टर्शियम नावाचं नारिंगी फुलांचं, गोल पानांचं झाड असतं ना, त्याचाच हा भाऊबंद. फक्त याला खाली कंद धरतो. तिथले लोक तो उकडून खातात. थंड डोंगरातला वेल आहे तो, आपल्या वैशाखात टिकणार नाही. पण त्याच जातीचा धडा आपल्याकडच्या वेलातून घेता येतो.

आपल्यासाठीचा वेल म्हणजे चौधारी.

किती जणींनी बघितलाय? ... तीन हात. बरोबर, कोकणात, गोव्यात हा घरामागे असतो, आपल्याकडे फार नाही. कुणी चौधारी घेवडा म्हणतं, कुणी चारधारी. शेंग वीतभर लांब, आणि तिला चार बाजूंनी चार झालरी. आडवी चिरली की प्रत्येक काप चांदणीसारखा दिसतो. लेकरं नुसत्या त्या आकारासाठी खातात. फूल निळसर किंवा पांढरं, गोकर्णासारखं पण फिकं.

याची खरी गंमत अशी की याचं टाकायचं काहीच नाही. कोवळी पानं भाजीला, फुलं भजीला, कोवळ्या शेंगा भाजीला, वाळलेलं बी डाळीसारखं, आणि मुळाला कंद. बी मध्ये शंभराला साधारण ३० भाग प्रथिनं असतात, म्हणजे जवळजवळ सोयाबीनच्या पंक्तीला बसणारं. आणि कंदातही प्रथिनं रताळ्याच्या आणि बटाट्याच्या कितीतरी पट. हे महत्त्वाचं आहे. रताळं पोट भरतं, पण अंगात रक्त-मांस धरायला त्यात फार काही नसतं. आपल्या बायका आठ-आठ महिने भाकर-मिरचीवर काढतात. हिमोग्लोबिन तपासलं की किती निघतं ते तुम्हीच मला सांगता.

१९७५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने या एकट्या वेलावर पुस्तिका काढली होती. गरीब, उष्ण देशांचं हे सोयाबीन होणार, असा तेव्हा फार गाजावाजा झाला. आपल्या अकोल्यालाही याच्यावर काम झालं आणि तिथून ए.के.डब्ल्यू.बी.-१ नावाचा वाण आला. पण सोयाबीनसारखं हे शेतात कधी पसरलं नाही. का? कारण याला मांडव लागतो. शेंगा एकदम पिकत नाहीत, आज चार, परवा सहा अशा येतात. मशीनने कापता येत नाही. बी शिजायला वेळ खातं. मला तर वाटतं की व्यापाऱ्याला हे पीक नको झालं तेच आपलं भलं. रोज चार शेंगा तोडायला जिच्याकडे चार पावलांवर परसदार आहे, तिचंच हे पीक आहे.

आता लावायचं कसं. इथे मी जरा सावकाश सांगणार आहे, कारण बहुतेक जणींचं बिनसतं ते पहिल्या आठवड्यातच.

चौधारीचं बी गोल, गुळगुळीत, वाटाण्यासारखं. काळपट, तपकिरी किंवा पिवळट असतं. त्याची साल फार कडक. तसंच मातीत टोकलं तर काही बी आठवड्यात उगवतं, काही महिन्याने, काही उगवतच नाही, आणि मग आपण म्हणतो बी खोटं होतं. बी खोटं नसतं, पाणी आत शिरत नाही. म्हणून लावायच्या आदल्या दिवशी बी पाण्यात टाका आणि रात्र-दिवस राहू द्या. दुसऱ्या दिवशी बघा, जे फुगलं ते वेगळं काढा, ते लावायला तयार. जे तसंच टणक राहिलं त्याला खरखरीत फरशीवर किंवा पॉलिश पेपरवर एका बाजूला घासा, साल जरा पांढुरकी दिसेपर्यंतच. ज्या बाजूला बियाला डोळा असतो, ती बाजू घासायची नाही, अंकुर तिथून निघतो. आणि पुन्हा भिजत घाला. आजी म्हणतील, कारल्याचं बी आम्ही असंच दाताने जरा फोडायचो. तेच ते, आजी. फक्त हे दाताने फुटत नाही.

भिजलेलं बी पाण्यात दोन-दोन दिवस ठेवू नका, कुजतं. ओल्या फडक्यात बांधून ठेवलं तरी चालतं, मोड दिसला की लावायचं, जसं मटकीला करतो तसं.

जागा. आपल्या जिल्ह्यात दोन तऱ्हा आहेत. गेवराई-माजलगावकडे गोदावरीच्या अंगाला काळी जमीन, आणि बालाघाटावर, पाटोदा-आष्टीकडे हलकी, मुरमाड. काळ्या जमिनीत पाणी साचलं की हा वेल पिवळा पडतो, आणि पुढे उन्हाळ्यात भेगा पडल्या की कंद उघडा पडतो, वाळतो. म्हणून काळी असेल तर जमिनीत खड्डा करण्यापेक्षा वर गादी करा, वीतभर उंच. त्यात शेणखत आणि ओढ्याची वाळू कालवा. मुरमाड असेल तर उलटं. हातभर खोल खड्डा घ्या, त्यात पालापाचोळा, शेणखत, गाळाची माती भरा. कंद पोसायला माती भुसभुशीत हवी. दगडात तो वाकडा-तिकडा आणि करंगळीएवढाच होतो.

एका घराला चार-पाच बिया पुष्कळ. दोन-दोन फुटांवर, बोटाच्या दोन पेरांएवढ्या खोल. मृगाचा पाऊस जमिनीत मुरला की लावा. नुसतं आभाळ बघून लावू नका, गेल्या काही वर्षांत मृग आपल्याला किती फसवतो ते शेतात बघतोच.

मग पहिला महिना हा वेल तुमची परीक्षा बघतो. वीतभर होतो आणि थांबतो. शेजारचा दोडका मांडवावर गेलेला असतो आणि हा तसाच. उपटून टाकू नका! तो तेव्हा खाली मुळं करत असतो. एवढंच करा की तण काढत राहा आणि शेळी-कोंबडी त्याच्याजवळ जाऊ देऊ नका. बोराटीचं कुंपण सगळ्यात स्वस्त. शेळीला याचं पान फार आवडतं, आणि तिचंही बरोबरच आहे, चारा म्हणूनही ते चांगलं.

महिन्यानंतर मात्र धावतो. दहा-बारा फूट सहज जातो. तुराट्या, पऱ्हाट्या एवढ्याला पुरत नाहीत, वाकतात. बांबू नाहीतर बाभळीच्या मेढी, आणि वर जुनी तार किंवा फाटक्या साड्यांच्या दोऱ्या. न्हाणीवर चढवला तर न्हाणीला सावली. पत्र्यावर थेट चढवू नका, उन्हाने पत्रा तापतो आणि वेल भाजतो.

युरिया टाकायचा नाही. हे पुन्हा सांगते, युरिया टाकायचा नाही. हरभऱ्याच्या, तुरीच्या मुळांना बारीक गाठी असतात आणि त्या हवेतलं नत्र धरतात, हे कृषी सखीने सांगितलेलं आठवतं ना? चौधारीच्या मुळांना तशा गाठी भरपूर येतात. वरून युरिया दिला तर नुसता पाला माजतो. राख आणि शेणखत दिलं की झालं.

गाठींवरून एक गोष्ट. एका मावशींनी मला विचारलं होतं, "मुळाला गाठी आल्यात, रोग आहे का?" दोन तऱ्हेच्या गाठी असतात. चांगली गाठ मुळाच्या कडेला चिकटलेली असते, बोटाने चोळली तर सुटते, आणि फोडली तर आतून गुलाबी-लालसर. वाईट गाठ म्हणजे मूळच फुगलेलं; ती सुटत नाही, ओढली तर मूळ तुटतं. ती सूत्रकृमीची. सूत्रकृमी या वेलाला आवडीने लागतो, आणि कंद खरबरीत, डागाळलेला होतो. वांगं, टोमॅटो, भेंडी होती त्या जागेत म्हणून चौधारी लावू नका. झेंडू होता त्या जागेत खुशाल लावा. सूत्रकृमी झालाच असेल तर ते वेल मुळासकट काढून जाळा आणि पुढच्या साली जागा बदला.

पाणी पावसाळ्यात लागत नाही. नंतर लागतं, आणि इथेच आपल्या जिल्ह्याचं दुखणं आहे. मी काही असं म्हणणार नाही की हा कोरडवाहू वेल आहे. हा मूळ दमट हवेतला. पण भांडी विसळल्याचं, डाळ-तांदूळ धुतल्याचं पाणी रोज एका आळ्यात गेलं तरी दोन वेल जगतात. साबणाचं पाणी नको. त्याहून बरं म्हणजे कच्च्या मातीचं, न रंगवलेलं मडकं दोन वेलांच्या मधोमध गळ्यापर्यंत गाडायचं, पाणी भरायचं, वर परात किंवा फरशीचा तुकडा झाकायचा. पाणी झिरपत राहतं. दोन-तीन दिवसांनी एकदा भरलं तरी चालतं. घरी एकटी आजी असेल तर तिला रोज घागर उचलायची गरज नाही.

आता शेंग कधी येते? हा वेल दिवस मोजतो. खरंच मोजतो. जूनमध्ये आपल्याकडे दिवस सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरात अकराचा. दिवस लहान व्हायला लागले की मगच याला कळी येते. म्हणून तुम्ही जूनमध्ये लावा की जुलैच्या शेवटी, फूल दिसणार घटाच्या पुढेमागेच. उशिरा लावला तर वेल लहान असताना फूल येतं आणि शेंगा कमी मिळतात, म्हणून लवकर लावा एवढंच. उन्हाळ्यात पाणी असलं तरी लावून उपयोग नाही, नुसता पाला येईल.

तोवर काय खायचं? शेंडे. श्रावणापासून कोवळी पानं आणि शेंडे खुडा. खुडल्याने फुटवेही जास्त येतात. लसूण-मिरचीची फोडणी, वर शेंगदाण्याचा कूट, चुकवतेय का मी काही? हां, येसर टाकला तर अजून चांगली. फुलं बेसनात बुडवून भजी. शेंग तोडायची ती फूल गळल्यापासून दोन-अडीच आठवड्यांत, वाकवली की कटकन मोडली पाहिजे. वाकून परत सरळ झाली तर दोऱ्या धरल्या समजा. ती बियाला सोडा.

वाळलेलं बी मात्र कच्चं किंवा अर्धवट भाजून खायचं नाही, लेकरांना खेळायलाही द्यायचं नाही. त्यात पचनाला अडवणारी द्रव्यं असतात, पोट दुखतं, जुलाब होतात. रात्रभर भिजवायचं, ते पाणी ओतून द्यायचं, आणि कुकरला चांगल्या जास्तीच्या शिट्ट्या देऊन पार मऊ होईपर्यंत शिजवायचं. कंदही उकडून किंवा चुलीच्या आरात भाजूनच. साल निघते, आतून पांढरा, चव बटाटा आणि शेंगदाणा यांच्या मधली.

आता येते मुद्द्यावर, ज्यासाठी मी हा वेल निवडला.

म्यानमारमध्ये आणि पापुआ न्यू गिनी नावाच्या देशात चौधारी कंदासाठी म्हणून लावतात. कंद मोठा हवा असेल तर फुलं आणि शेंगा खुडून टाकायच्या, म्हणजे वेलाची कमाई खाली जाते. शेंगा भरपूर घेतल्या तर कंद बारीक. दोन्ही हातात लाडू नाही. आणि सगळ्याच बियाण्याला चांगला कंद धरत नाही. काही वाणांना नुसतीच जाड मुळी होते. म्हणून पहिल्या वर्षी प्रत्येकीने आपापला वेल खणून बघायचा आणि ज्या वेलाला कंद चांगला, त्याचंच बी पुढे चालवायचं. एखादीला कंद मिळाला नाही तर शेंगा तर मिळाल्याच.

ज्या घरात माघारी कुणीतरी राहतं, सासू, आजी, शाळेतली लेकरं, त्या घराला हा वेल अगदी बरोबर बसतो. तुम्ही जाता तेव्हा तो फुलावर असतो. आजी संक्रांतीपर्यंत शेंगा खाते. पहिल्या बहरातल्या आठ-दहा चांगल्या शेंगा ती तोडत नाही, लाल दोरा बांधते, त्या बियाच्या. बाकीच्या तोडते. फाल्गुनात वेल पिवळा पडला की पाणी बंद. तुम्ही पाडव्याला आलात की दोघी मिळून कंद खणा. लांबच्या मुळ्या तुटू नयेत म्हणून कुदळीने नाही, खुरप्याने, आळ्याच्या कडेकडेने.

आणि जिथे कुलूपच लागतं? तिथे नुसता वेल सोडून जाऊ नका. पाण्यावाचून तो पौषात वाळेल, आणि कंद आपल्या उन्हाळ्यात जमिनीत तग धरेलच असं समजू नका. त्या ताईंसाठी दोन वाटा आहेत.

एक, शेजारणीबरोबर निम्म्याने. म्हैस निम्म्याने देतो ना, तसं. वेल माझा, पाणी तुझं, शेंगा सगळ्या तुझ्या, बी निम्मं-निम्मं, कंद निम्मे-निम्मे. हे ऐकायला सोपं वाटतं. पण तुम्हाला माहिती आहे की शेजारणींची भांडणं कोंबडीच्या अंड्यावरूनही होतात. "मी सहा महिने पाणी घातलं आणि ही पाडव्याला आयती आली," आणि दुसरी म्हणते, "मी तिकडे पहाटे तीनला मोळ्या बांधत होते, मजा मारायला गेले नव्हते." दोघींचंही खरं असतं. म्हणून माझा आग्रह आहे की ही वाटणी गटाच्या बैठकीत बोलावी आणि इतिवृत्तात लिहावी. पाच हजाराचं कर्ज लिहितो, मग बी का नाही लिहायचं? एक मावशी म्हणाल्या, "मूठभर बियाण्याला कुठं वहीत घेती?" मावशी, त्याच मुठीसाठी आपण दर जूनला पाकीट विकत घेतो.

बी ठेवायचं ते एका घरी नाही, दोन घरी, जिथे बारा महिने माणूस असतं. शेंग वेलावरच तपकिरी, खडखडीत वाळू द्यायची. बी काढून सावलीत आणखी आठवडाभर वाळवायचं, चुलीची चाळलेली राख घालून काचेच्या बरणीत, झाकण घट्ट. वर चिठ्ठी: कुणाच्या वेलाचं, कोणत्या सालचं, कंद धरला की नाही. चौधारीचं फूल बहुतेक स्वतःच्याच परागाने फळतं, त्यामुळे बी तसंच्या तसं उगवतं, दरवर्षी नवीन आणावं लागत नाही. घेणारीने मूठ नेली तर दोन मुठी परत द्याव्यात, असं ठरवता येईल, तुम्ही ठरवा. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, ज्यांना २०२० सालची पद्मश्री मिळाली, त्यांनी देशी बियाण्याची बँक अशीच घरातून उभी केली, आणि त्या शाळेत गेलेल्या नाहीत. त्यांच्याकडचे वाल-घेवडेच किती तऱ्हांचे आहेत. पण एक फरक लक्षात घ्या. त्यांच्या गावातली बाई आणि आपल्या गावातली बाई यांचं वर्ष वेगळं आहे. म्हणून त्यांचं सगळं तसंच्या तसं आपल्याला लागू होत नाही. आपल्याला वहीची आणि निम्म्याच्या वाटणीची जोड द्यावी लागेल.

दुसरी वाट, ज्यांना शेजारणीवरही टाकायचं नाही त्यांची. त्यांनी कोनफळ किंवा करांदा लावावा. हे दोन्ही बियांवर नाही, बेण्यावर येतात. कोनफळाचा साल असलेला मूठभर तुकडा राखेत घोळून लावायचा. करांद्याला वेलावरच, पानांच्या बगलेत बटाट्यासारखे गोळे लागतात, तोच गोळा पुरायचा. यांची रीत आपल्या वर्षाशी अशी जुळते की मला आश्चर्य वाटतं. पाऊस आला की उगवतात, पावसाळाभर पोसतात, आणि मार्गशीर्ष-पौषात, कुणी पाणी दिलं नाही म्हणून नाही तर स्वतःहूनच वाळतात आणि झोपी जातात. कंद मातीत तसाच पडून राहतो. त्याला तेव्हा पाणी नकोच असतं. वरून जाड पाचट टाकून ठेवा, डुकरं उकरणार नाहीत म्हणून वर काटे, आणि खुशाल जा. परत आल्यावर खणा. भाजी, काप, उपवासाला उकडून.

करांद्याची मात्र एक अट. रानातला करांदा कडूजहर असतो आणि तो नीट न उकडता, पाणी न बदलता खाल्ला तर विषबाधा होते. ७२ च्या दुष्काळात लोकांनी काय काय खणून खाल्लं ते आज्यांना विचारा. म्हणून बेणं रानातून आणायचं नाही. ज्या घरात तो करांदा वर्षानुवर्षं खाल्ला जातो, त्याच घरून आणायचं.

आणि कळलावी. हो, विचारलं ते बरं केलं. तीही वेलच, तिलाही कंद, पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वाळेसारखं फूल येतं, म्हणून अग्निशिखा. तिचा कंद नांगराच्या फाळासारखा वाकडा असतो, संस्कृतात तिला लांगली म्हणतात ते त्यामुळेच. दिसायला देखणी आहे, पण कंद जीवघेणा विषारी आहे, बी सुद्धा. बाळंतपणाच्या कळा लावायला ती वापरायचे म्हणून तिचं नाव कळलावी. आता कुणाच्याही बाळंतपणात ती पोटात द्यायची नाही, अंगाला लावायची नाही, कुणी जुनं-जाणतं कितीही आग्रहाने म्हणालं तरी. आशाताईंना फोन करायचा आणि १०८ ची गाडी बोलवायची. खायचे कंद जिथे लावाल त्या वाफ्यात, त्या कुंपणाला कळलावी नको. अंधारात खणताना रताळं आणि ती ओळखू येत नाही.

बियाण्याचं काय, असं तिघींनी विचारलं. अंबाजोगाई आणि खामगाव, गेवराईचं, या दोन्ही कृषी विज्ञान केंद्रांत चौकशी करता येईल. कुणाचं माहेर किंवा पाहुणे कोकणात असतील त्यांनी मूठभर मागवावं. मी सध्या एक पिशवी आणलीय, तिच्यात एका गावाला दोन-तीन घरं पुरतील एवढंच बी आहे. म्हणून पहिल्या वर्षी सगळ्यांना नाही. प्रत्येक ग्रामसंघाने तीन घरं निवडा: एक जिथे आजी राहते, एक जिथे बारा महिने पाणी आहे, आणि एक जिथे कुलूप लागतं पण शेजारीण तयार आहे. तिसरं घर मुद्दाम हवंय मला. दर वेळी योजनेत ते घर सुटतं, कारण तपासणीला माणूस येतो डिसेंबरात आणि त्याला दारात कुलूप दिसतं.

नावं आज वहीत लिहून द्या. बी पुढच्या मंगळवारी सीआरपी ताईंकडे येईल, भिजत घालायचं ते पाऊस मुरल्यावर. दोरा कुठल्या रंगाचा आणायचा तेही ठरवा, लाल मिळाला नाही तर साडीची किनारसुद्धा चालेल.